नाचण आणि वाकडे अंगण

नाचण हा चिमणीएवढा पक्षी शेपटीचा पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेतो, त्याने पानांत दडलेले किडे बिचकून उडतात आणि त्याची न्याहारी होते, ही माहिती मी पाठ केली होती. हे सारे तो किती चपळाईने करतो, याची कल्पना मात्र पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये, जुन्या झाडांच्या गर्द सावलीत, दोन किलोची लेन्स सावरत उभा राहिल्यावरच आली.

नेम धरावा, तोवर स्वारी पलीकडच्या फांदीवर. चपळाई पकडायला शटरचा वेग सेकंदाच्या १/१६०० वर ठेवावा तर चित्र काळेकुट्ट, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत चढवावा तर चित्रभर रवा सांडल्यासारखे दाणे. नाचता येत होते ते फक्त त्याला. अंगण वाकडे असल्याची तक्रार माझी. दोन तासांत ९१२ फोटो झाले, तेव्हा फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांनी, हरवलेल्या मुलाची चौकशी करावी तशा सुरात विचारले, "सापडला का हो?"

घरी आल्यावर २३ जीबींचा तो ऐवज संगणकावर उतरवला, आणि आपण रिकाम्या फांद्यांचे मातब्बर संग्राहक झालो आहोत, हे ध्यानात आले. चाळून चाळून अकरा फोटो उरले. त्यांतल्या एकात नुसती शेपटी होती. दुसऱ्यात पांढरी भुवई स्पष्ट होती, पण भुवईखालचा डोळा पानाआड गेला होता. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोवरचे दाणे घालवले, तर पिसेही गेली आणि नाचण मेणाचा झाला. मग धार वाढवली, तर त्याचे साळिंदर झाले. या दोन योनींमध्ये त्याला हेलपाटे घालायला लावत मी रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो.

तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हा मुंगळा काय सुरेख आलाय!"

ऑटोफोकसने नाचणाकडे सपशेल पाठ फिरवून शेजारच्या पानावर नजर रोखली होती. पानाची शीर न् शीर दिसत होती आणि कडेने निघालेल्या काळ्या मुंगळ्याचे सहाही पाय मोजता येत होते. त्या भागाला मी बोटही लावले नव्हते, हे सांगायला नकोच.

ते अकरा फोटो अजून 'अंतिम' नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत. मुंगळा मात्र बायकोच्या मोबाईलच्या पडद्यावर विराजमान झाला आहे, आणि कोणी विचारलेच तर ती कौतुकाने सांगते, "ह्यांनी काढलाय. पक्ष्यांचे फोटो काढतात ना ते!"