ती पाच दिवसांची सूट कुणी दिली होती?

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूचे रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि दिवेलागणीच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा उगवला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे हजार हातांतून फिरून आलेला. टाकणारे आमचे काका. तहसील कचेरीत कारकून म्हणून आयुष्य गेलं त्यांचं, उगाच घाबरणारा माणूस नाही. मेसेजच्या खाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘बघा, परत येतोय.’

मेसेज २०२०च्या एप्रिलमधलाच होता. जुन्या तारखा तेवढ्या गाळलेल्या आणि शेवटी दोन-तीन नवी शेपटं जोडलेली. मजकूर थोडक्यात असा: जागतिक आरोग्य संघटनेचा, म्हणजे डब्ल्यूएचओचा, लॉकडाऊनचा ठरलेला प्रोटोकॉल आहे. पहिला टप्पा १ दिवस, दुसरा २१ दिवस, मग ५ दिवस सूट; तिसरा २८ दिवस, पुन्हा ५ दिवस सूट; चौथा १५ दिवस. सरकार हेच पाळतं. रुग्ण वाढले की देशभर लॉकडाऊन अटळ आहे. लष्कर उतरणार आहे. सामान भरून ठेवा.

काकांना फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. हा मेसेज एकदा मारून मरत नाही, हे एव्हाना कळून चुकलंय.

‘हा डब्ल्यूएचओचा प्रोटोकॉल आहे.’

नाही. असा प्रोटोकॉल कधीच नव्हता. ५ एप्रिल २०२० रोजी संघटनेच्या दिल्लीतल्या आग्नेय आशिया कार्यालयाने जाहीर सांगितलं की हा मेसेज निराधार आणि खोटा आहे, लॉकडाऊनसाठी आमचा कुठलाही प्रोटोकॉल नाही. पाचाहून जास्त वर्षं झाली या खुलाशाला. खुलाशाला दोन बाण लागत नाहीत, ही खरी अडचण.

मुळात या संघटनेला कुठल्या देशाचं दार बंद करायचा अधिकारच नाही. २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांखाली ती आणीबाणी जाहीर करू शकते (कोविडसाठी ती ३० जानेवारी २०२०ला केली) आणि शिफारशी करू शकते. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि तसंच झालं. चीनने वुहान शहर २३ जानेवारीपासून ७६ दिवस बंद ठेवलं. दक्षिण कोरियाने चाचण्या आणि रुग्णांच्या संपर्कातल्यांचा माग काढण्यावर भर दिला, देशभर टाळं लावलं नाही. स्वीडनने बरंचसं लोकांच्या समजुतीवर सोडलं, त्यावरून तिथे आणि बाहेर पुष्कळ भांडणंही झाली. एकच प्रोटोकॉल असता तर तीन देशांत तीन तऱ्हा झाल्या नसत्या. २० मे २०२५ला जागतिक आरोग्य सभेने महासाथीचा करार मंजूर केला, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की या कराराने संघटनेला लॉकडाऊन लादायचा अधिकार मिळत नाही. पुढच्या वेळी मेसेजला ‘नवा करार’ असं शेपूट लागणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आणि जरा हिशेब बघा. माझ्याकडे २०२०मध्ये आलेल्या प्रतीत चौथ्या टप्प्यापुढे ‘१५ दिवस’ लिहिलं होतं आणि कंसात तारखा होत्या २५ मे ते १० जून. बोटं मोडून मोजा: १७ दिवस होतात. ज्याला आपलंच वेळापत्रक जुळवता आलं नाही, तो संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात बसून जगाचं वेळापत्रक लिहीत होता म्हणे. शिवाय ती पाच दिवसांची सूट कशासाठी? कोविडची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागायचे, कधी चौदापर्यंत. म्हणजे सुटीत लागण झालेले लोक नेमके पुढचं टाळं लागल्यावर, घरच्यांच्या मध्ये बसून आजारी पडणार. रोग पसरवायची योजना आखायची झाली तर मी अशीच आखीन.

‘पण खरं ठरलं ना? लॉकडाऊन वाढलाच की!’

हा मुद्दा काकांचा आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ३० मार्च २०२०ला केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांनी सांगितलं होतं की मुदत वाढवायचा कुठलाही बेत नाही, अशा बातम्या वाचून आपल्यालाच आश्चर्य वाटतंय. पंधरा दिवसांनी, १४ एप्रिलला सकाळी दहा वाजता पंतप्रधानांनी मुदत ३ मेपर्यंत वाढवली. मग लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा?

तरी मेसेज खरा ठरला असं होत नाही. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा: २५ मार्चपासून २१ दिवस, लगेच १९ दिवस, मग १४, मग पुन्हा १४. सलग ६८ दिवस, ३१ मेपर्यंत. मध्ये सुटीचा एक दिवससुद्धा नाही. सवलती मिळाल्या त्या टाळेबंदी चालू असताना, झोन पाडून. मेसेजमधले २८ दिवस कुठेच नाहीत, १५ नाहीत, आणि १५ एप्रिलपासून मिळणार होती ती पाच दिवसांची सूटही नाही. ‘वाढेल’ एवढं तर कुणीही म्हणाला असता. मेसेजचं स्वतःचं असं जे काही होतं, ते सगळं चुकलं.

आणि त्या पाच दिवसांचंच मला जास्त वाटतं. मुदत वाढणार ही भीती खोटी नव्हती, पण मध्ये पाच दिवस मोकळे मिळतील, तेवढ्यात गाव गाठू, ही आशा पूर्ण खोटी होती. त्याच १४ एप्रिलला दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची प्रचंड गर्दी जमली. गाड्या सुटणार अशी बोलवा होती, शिवाय हाताला काम नव्हतं आणि खोलीत दहा-दहा माणसं होती. हा मेसेज त्यातल्या किती जणांच्या फोनवर होता ते मोजायला कुणी गेलं नाही. पण अशा सूट-सुटीच्या वावड्यांवर त्या दिवसांत माणसं काय काय बेत बांधत असतील, याचा अंदाज त्या गर्दीवरून येतो. श्रमिक गाड्या सुटल्या त्या १ मेपासून.

सचिव खोटं बोलले का? त्या दिवशी बेत नसेलही. सरकारी नकार हा त्या दिवसापुरता असतो, पुढच्या महिन्याचं वचन म्हणून तो वाचायचा नसतो. हे लोकांना कुणी सांगत नाही, आणि सरकारही तो नकार अशा थाटात देतं की जणू दगडावरची रेघ.

‘सावध राहिलेलं बरं. अफवा असली तरी बिघडलं काय?’

इथे मला थांबावंसं वाटतं.

३१ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या याचिकेवर आदेश दिला. टाळेबंदी तीन महिन्यांहून जास्त चालणार अशा खोट्या बातम्यांमुळे घबराट पसरली आणि मजुरांचे लोंढे निघाले, अशी नोंद त्यात आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं ५४वं कलमही न्यायालयाने दाखवून दिलं: आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

मला ती नोंद अर्धीच पटते. माणसं चालत निघाली कारण रोजगार एका रात्रीत थांबला होता. प्रवासी गाड्या २२ मार्चलाच बंद झाल्या होत्या. घरभाडं थांबलेलं नव्हतं. २४ तारखेला रात्री आठला भाषण आणि बाराला टाळं, म्हणजे तयारीला चार तास. ज्याचं पोट हातावर आहे त्याला चालायला लावण्यासाठी अफवेची गरज नव्हती. सगळं खापर अफवेवर फोडणं सरकारच्या सोयीचं होतं. पण म्हणून अफवा निरुपद्रवी ठरत नाही. एकवीस दिवस कसेबसे काढू म्हणणाऱ्याला ‘तीन महिने’ हा आकडा कानावर आला की त्याचं गणितच बदलतं. आपण ‘सावध राहा’ म्हणून पुढे ढकलतो, आपल्या घरात तेव्हा महिन्याचं वाणसामान भरलेलं असतं. ज्याच्या घरात ते नसतं, त्याच्यापर्यंत फक्त भीती पोचते.

आणि ‘रात्री आठ’चं म्हणाल तर तीही भीती कुणी हवेतून आणलेली नाही. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदीही रात्री आठलाच सांगितली होती, अंमल मध्यरात्रीपासून. दोनदा पोळलेला माणूस तिसऱ्यांदा ताक फुंकणारच. काकांना मी हसलो नाही ते यासाठी.

‘सामान भरून ठेवा.’

चार दिवसांची औषधं जास्तीची असावीत, ते एरवीही असावं. पण दुकानं बंद होतील हे खोटं. २४ मार्चच्या गृह मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत रेशन, किराणा, भाजी, दूध, मांस-मासळी, औषधं, बँका, एटीएम, पेट्रोल पंप, इतकंच काय जनावरांचा चारासुद्धा वगळलेला होता. घोळ झाला तो हा की भाषण आठला सुरू झालं आणि यादी लोकांपर्यंत नंतर पोचली. मधल्या वेळात सगळे पिशव्या घेऊन बाहेर. गर्दी करू नका असं सांगणाऱ्या भाषणाने त्या रात्रीची सगळ्यात मोठी गर्दी जमवली.

पहिल्या आठवड्यात फळ्या रिकाम्या दिसल्या, पण धान्य संपलं म्हणून नव्हे. सरकारी गोदामांतला गहू-तांदूळ राखीव साठ्याच्या निकषाच्या दुपटीहून जास्त होता. अडकले होते ट्रक. नाक्यावरचा पोलीस ‘जीवनावश्यक आहे का’ विचारायचा आणि खोक्यांचा पुठ्ठा, पॅकिंगची पिशवी यांना काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी २९ मार्चला केंद्राने सांगितलं की सगळ्याच मालाची वाहतूक सोडा, भेद करू नका. तुम्ही घरात दहा किलो साखर भरली म्हणून नाक्यावरचा ट्रक सुटत नाही. फक्त शेजाऱ्याला साखर मिळत नाही.

‘लष्कर उतरणार.’

३० मार्च २०२०ला लष्करानेच हे खोटं असल्याचं सांगितलं होतं. तेव्हा अफवा होती ती एप्रिलच्या मध्याला आणीबाणी लागण्याची. लागली नाही. पुढे.

‘रुग्ण वाढले की देशभर लॉकडाऊन अटळ.’

२४ मार्च २०२०ला देशात नोंदलेले रुग्ण साधारण पाचशे होते. मे २०२१ मध्ये एकेका दिवसात चार लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले, प्राणवायूसाठी माणसं दारोदार फिरली, आणि तरी देशव्यापी टाळेबंदी लागली नाही. २० एप्रिल २०२१च्या भाषणात पंतप्रधानांनी राज्यांना सांगितलं की लॉकडाऊन हा शेवटचा पर्याय समजा. रुग्णांचा आकडा आणि टाळं यांचा संबंध मेसेज म्हणतो तसा सरळ नाही. रोग किती अनोळखी आहे, लस आहे का, खाटा किती, आधीच्या टाळ्याने पोटावर किती पाय आला, आणि हो, राजकारण, हे सगळं त्यात येतं. एचएमपीव्ही तर २००१ साली नेदरलँड्समध्येच ओळखला गेलेला विषाणू.

पुन्हा कधीच लागणार नाही असं मी म्हणत नाही. कायदा जागेवर आहे. पण दुसऱ्या लाटेत निर्बंध आले ते राज्यांचे आणि जिल्ह्यांचे. महाराष्ट्रात १४ एप्रिल २०२१च्या रात्री आठपासून (पुन्हा आठ!) ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध आणखी कडक झाले, सरकार त्यांना लॉकडाऊन म्हणायला तयार नव्हतं, ‘कडक निर्बंध’ म्हणत होतं.

शब्दांच्या या गोंधळावरच निम्म्या अफवा जगतात. जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही. संचारबंदी म्हणजे बाहेरच पडायचं नाही. २०२०मध्ये राज्याने आधी शहरांत जमावबंदी लावली आणि दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, राज्यभर संचारबंदी. देशाची टाळेबंदी त्याच्याही मागून आली. आणि ‘टाळेबंदी’ हा शब्द तर गिरण्यांचा: कामगार करतात तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. करोनाने तो उचलून अख्ख्या देशाला लावला. आता एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने यात्रेसाठी जमावबंदीचा आदेश काढला की त्याचा फोटो ‘लॉकडाऊन लागला’ म्हणून तिसऱ्या जिल्ह्यात फिरतो.

काकांना शेवटी मी हेच विचारलं, की तुम्ही तीस वर्षं कचेरीत काढलीत, तुमच्या टेबलावर कुणी असा कागद आणून ठेवला असता तर? खातं कुठलं नाही, कुठल्या कायद्याखाली ते नाही, तारीख नाही, खाली सही नाही. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘जावक क्रमांकसुद्धा नाही रे.’

रात्री पाहिलं तर ग्रुपवरचा मेसेज त्यांनी काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी आत्याने तोच, दुसऱ्या रंगाच्या चौकटीत, पुन्हा टाकला. खाली काकांचं उत्तर, ‘जा.क्र. कळवावा.’