बी विंग, 304 ही कुणाची ओळख नसते

संक्रांतीनंतर आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत हळदीकुंकू झालं. बिल्डिंग नवी, बहुतेक बिऱ्हाडं वर्षभरात आलेली. कुणीतरी म्हणालं, वाण घ्यायच्या आधी एकेकीनं आपली ओळख सांगू या. मग सुरू झालं. ‘मी अमुकची मम्मी, बी विंग, 304.’ ‘आमचे मिस्टर अंबडला कंपनीत आहेत.’ बारा-तेराजणींत स्वतःचं नाव दोघींनीच घेतलं. एकजण म्हणाली, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’ आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना डायलिसिसला नेणारी, परत येऊन सगळ्यांचा स्वयंपाक करणारी बाई ही! तिचं ते वाक्य मला अजून बोचतंय.

बोचतंय, कारण मीही तेच केलं. पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये मी सात वर्षं द्राक्षांची क्वालिटी बघते. घडातले चिरलेले, मऊ पडलेले मणी काढले की नाही, गोडी किती, पनेटचं, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्याचं, वजन बरोबर आहे का, हे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय युरोपचा माल पुढे सरकत नाही. तरी त्या दिवशी तोंडातून निघालं ते मुलीचं नाव आणि फ्लॅटचा नंबर. मी बागलाणातली, माहेरी अहिराणी बोलतो. नाशकात आले तेव्हा माझ्या बोलण्याला कुणी हसेल या धास्तीनं नाव पुटपुटून मोकळं व्हायची सवय लागली, ती गेलीच नाही.

मग एक काकू बोलल्या. आधी फक्त नाव. जरा थांबल्या. मग आडनाव. मग म्हणाल्या, ‘बावीस वर्षं शिवणकाम करते. नऊवारी शिवून देते, कुणाला लागली तर सांगा.’ आवाज चढवला नाही, बायोडेटा वाचला नाही. पण बाहेर पडताना सगळ्यांना नाव आठवत होतं ते त्यांचंच.

त्या थांबण्यात खूप काही आहे. आपलं नाव आपण हजारदा घेतलेलं असतं, म्हणून ते आडनावाला चिकटवून भरभर फेकतो. समोरचा मात्र ते पहिल्यांदाच ऐकत असतो. नाव सावकाश सांगावं, आणि मागोमाग आपण रोज करतो अशी एक ठोस गोष्ट. ‘नोकरी करते’ म्हटलं की गप्पा तिथंच संपतात. ‘द्राक्षं तपासते’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, यंदा भाव काय? आणि ऐकणाऱ्यानंही, नाव नीट कळलं नाही तर तिथल्या तिथे पुन्हा विचारावं. त्यात कुणाचा अपमान नाही.

आडनावाचं मात्र स्पष्ट बोलते. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत आडनाव आधी येतं. रामकुंडावर गुरुजी आडनाव आणि मूळ गाव विचारतात ते ठीक, त्याशिवाय त्यांना पूर्वजांची नामावळी सापडणार कशी? पण लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला ‘आडनाव काय? मूळचे कुठले?’ असं खोदत राहायचं, ते कशासाठी हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला तो याच गावात. इथं तरी आपण हा प्रश्न निरागस समजू नये. नवीन माणूस आधी बुजतो तो याच प्रश्नानं. त्याला आत्मविश्वासाचे धडे देण्याआधी आपण विचारायचं काय ते बदलू या.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं मोठी होऊन पूर्ण नाव सांगतील तेव्हा आईचं नाव आपोआप घेतलं जाईल. आज त्यांच्या आया स्वतःचं नाव सांगताना अडखळतात.

परवा ‘घरीच असते’ म्हणणारी ती मैत्रीण जिन्यात भेटली. मी तिला माझं नाव सांगितलं, सावकाश, आणि द्राक्षांचं कामही. तिनं तिचं सांगितलं. मग पायरीवरच बसून अर्धा तास डायलिसिसचं पथ्य समजावलं: पाणी किती मोजून द्यायचं, भाजी उकळून पाणी का काढून टाकायचं. माझ्या मामांना नुकतंच सुरू झालंय, मी सगळं लिहून घेतलं. आणि काकूंकडे माझी नऊवारी शिवायला टाकली आहे, पाडव्याच्या आत देते म्हणाल्यात.