घाट उतरताना न्यूट्रल? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

पावसाळी सहलींचे दिवस आले की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाचीला आला. तिचं पक्कं लायसन्स आत्ताच हातात पडलंय. "हे खरं आहे का?" म्हणून तिने तो घरच्या ग्रुपवर टाकला, तर तीन जाणत्या माणसांनी त्याला होकाराचे अंगठे दिले. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, इंधन वाचतं. गिअरबॉक्सला विश्रांती मिळते. गिअरमध्ये उतरवली तर इंजिन झिजतं. ऑटोमॅटिकमध्येही 'एन' (न्यूट्रल) चालतो. आणि उतार लांब असेल तर चावीच बंद करा, जुने ट्रकवाले असंच करतात.

आधी शेवटचा मुद्दा घेतो, कारण तो माणसं मारणारा आहे.

कारचा ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागामुळे, आणि बूस्टरला व्हॅक्यूम (हवेची पोकळी) पुरवतं चालू इंजिन. इंजिन बंद केलंत की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागेल. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टीअरिंगही जड होतं, नेमकं वळणावर. चावी चुकून शेवटपर्यंत फिरून बाहेर आली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. ट्रकचं याहून वाईट. तिथे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते, भरत मात्र नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी पुण्याचा नवले पूल आठवावा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की तिथपर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालवाहू गाडीने तिथे डझनावारी गाड्या उडवल्या. चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. 'जुने ट्रकवाले असंच करतात' याचा अर्थ हा.

आता न्यूट्रल म्हणजे नेमकं काय. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या सगळ्या गिअरांचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. तुम्ही दांडी हलवता तेव्हा एक स्लीव्ह (सरकती कडी) सरकते आणि त्यातला एक गिअर शाफ्टला जोडते. स्लीव्ह मधोमध राहिली, कुठलाच गिअर जोडलेला नाही, ते न्यूट्रल. म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटला. सपाटीवर उभ्या गाडीत हे बरोबर आहे. उतारावर मात्र चाकांना मागे धरून ठेवणारं इंजिन तुम्ही स्वतःच्या हाताने सोडून दिलेलं असतं.

आणि सोडलेला गिअर परत पडेलच असं नाही. भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये बघता बघता ७० वर जातो, इंजिन मात्र मिनिटाला ६०० फेऱ्यांवर गुरगुरत असतं. ज्या गिअरने गाडी आवरेल त्याला त्या वेगाला तीन हजारांहून जास्त फेरे हवे असतात, आणि जड डिझेल इंजिनाची मर्यादाच अडीच हजारांच्या आसपास असते. गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग एवढी तफावत जुळवू शकत नाही. दांडी करकरते आणि गिअर पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाला मंदावणारा ब्रेक, तोही इंजिनामार्फतच काम करतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये तोही निकामी. उरले फक्त चाकांचे ब्रेक.

त्यांच्यावर किती भार येतो बघा. लोणावळा ते खोपोली उंचीतला फरक सुमारे साडेपाचशे मीटर. २८ टनांचा ट्रक तेवढा खाली आला की साधारण १५० मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. घाट वीस मिनिटांत उतरला आणि हवेचा-टायरांचा वाटा वजा केला तरी ब्रेकवर सतत १०० किलोवॉट, म्हणजे दोन किलोवॉटचे पन्नास गिझर. एवढ्या उष्णतेने चाकाचा ब्रेक ड्रम फुगून त्यावर घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि लायनरची पकडही कमी होते. कारमध्ये आकडे लहान आहेत, पण ब्रेक ऑइल उकळायची भीती आहे. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १४० च्या आसपास. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. दोन वर्षांनी ऑइल बदला असं सांगतात ते यासाठी.

इंधनाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) काळात गाडी गिअरमध्ये उतरवली तरी पेट्रोल ओढलं जायचं, न्यूट्रलमध्ये थोडं कमी लागायचं. अगदी सौम्य उतारावर आजही न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते. पण तो घाट नव्हे. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि फेरे साधारण दीड हजारांच्या वर असले की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन जवळपास पूर्ण बंद करतो, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की तेच इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुन्हा सुरू. लहान पेट्रोल कार जागेवर चालू राहायला तासाला अर्धा ते पाऊण लिटर खाते. वीस मिनिटांच्या घाटात पाव लिटरपर्यंत इंधन तुम्ही 'वाचवण्यासाठी' जाळता. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर बहुतेक दुचाकीही इंजेक्शनवर आल्या, तिथेही हेच.

बाकीचं पटकन. गिअरबॉक्सला विश्रांती मिळत नाही, दाते फिरतच असतात. ट्रकचं इंजिन बंद करून गाडी घरंगळली तर गिअरबॉक्समधला इंजिनाने फिरणारा लेशाफ्ट थांबतो, चाकांबरोबर फिरणाऱ्या मेनशाफ्टला तेल उडत नाही आणि बेअरिंग जळतात. ट्रक टो करताना गिअरबॉक्सला चाकांशी जोडणारा प्रोपेलर शाफ्ट काढतात तो याचसाठी. इंजिन झिजायचं म्हणाल, तर फेरे लाल पट्टीच्या आत असतील तोवर उतारावर इंजिनाला चढणीपेक्षा कमीच कष्ट पडतात. ऑटोमॅटिकचं उत्तर गाडीच्या पुस्तकात आहे: लांब उताराला 'एन' नव्हे, तर दांडीवरचं 'एल', '२', 'एस' किंवा 'बी', जे असेल ते.

उतरायचं कसं? ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम चांगला आहे. आजच्या गाड्या ताकदवान आहेत, त्यामुळे त्याहून एक खाली धरा. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. लहान कार दुसऱ्यात ४० ला साधारण तीन हजार फेऱ्यांवर जाते, आवाज वाढतो, घाबरू नका. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. ४० वरून ३० पर्यंत नीट दाबा, पूर्ण सोडा, वेग वाढला की पुन्हा दाबा. क्लच दाबून उतरणं म्हणजेही न्यूट्रलच, हे नव्यांनी लक्षात ठेवावं.

जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं, तर एकेक गिअर खाली आणा, पेडल पंप करा, हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा आणि डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.