हो म्हटलं तरी अपात्र, नाही म्हटलं तरी अपात्र

आज अर्ज तिसऱ्यांदा परत आला. कारण एका ओळीत दिलंय: ‘अर्जदार काम करण्यास सक्षम नसल्याने बेकारी भत्त्यास अपात्र.’ आणि माझ्या खणात दीड महिन्यापूर्वी आलेलं दुसरं पत्र आहे. त्यात लिहिलंय: ‘अर्जदार काम करण्यास सक्षम असल्याने अपंगत्व भत्त्यास अपात्र.’ दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून मी अर्धा तास नुसती बघत बसले. मग रडू आलं. आता फक्त संताप उरलाय, आणि तो लिहून काढतेय, कारण ऐकायला समोर माणूस कोणी नाहीच. फोनवरसुद्धा नाही.

मला संधिवात आहे. वय झालं की गुडघे कुरकुरतात तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो. याला बारा वर्षं होत आली आणि त्यातली साडेदहा मी नोकरी केलीय. सकाळी बोटं वळत नाहीत म्हणून तासभर उशिरा जायचे, संध्याकाळी तासभर जास्त बसायचे. साहेब समजूतदार होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी न सांगता जड फायली उचलून द्यायची. अशी सगळ्यांच्या आधाराने गाडी चालली होती. मग मंदी आली, ऑर्डरी आटल्या आणि कपातीची पहिली यादी लागली. त्यात मी होते. दुसरी होती नुकतीच बाळंतपणावरून परत आलेली एक बाई, आणि तिसरे होते बायपास झालेले एक गृहस्थ. या यादीबद्दल मी आणखी काही बोलायची गरज आहे का?

म्हणून ‘मंदी आली की कसे बरे सगळे आजारी पडतात’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिकलीसवरलेली माणसं बोलतात हे. आकडे दाखवतात वर. हो, आकडे आहेतच. अमेरिकेत २००८ च्या मोठ्या मंदीनंतर अपंगत्व विम्यासाठी येणारे अर्ज वाढत गेले आणि २०१० मध्ये ते २९ लाखांच्या आसपास पोचले. यातून आळशीपणा दिसतो कुणाला? मला त्यात माझ्यासारखी माणसं दिसतात. आजार आधीपासूनच होता. त्याला सांभाळून घेणारी नोकरी होती, ती गेली. आणि नवी नोकरी द्यायला बसलेल्या माणसासमोर धडधाकट शंभर जण रांगेत उभे असताना तो वाकड्या बोटांच्या बाईला का घेईल?

बरं, कपात झाली म्हणजे निदान बेकारी भत्ता तरी सरळ मिळावा. पण निरोप देताना कंपनीने आमच्याकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. ‘हिशेब लवकर होईल, ताई, करून टाका.’ केली सही. नंतर कळलं, त्यात ‘स्वेच्छेने राजीनामा’ असं लिहिलं होतं, आणि स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही. कपात झाल्याचं पत्र मागायला तीनदा गेले. तिसऱ्या वेळी दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. जिथे साडेदहा वर्षं रोज त्याला ‘बरंय ना?’ विचारत आत जायचे, तिथे.

शेवटी त्या बायपासवाल्या गृहस्थांनी त्यांच्याकडचा एक ईमेल शोधून दिला, त्यात कपातीचा उल्लेख होता. तो जोडला. मग वेबसाइट.

अर्जाची पानं चौदा. पंधरा मिनिटं काही टाइप केलं नाही की आपोआप लॉगआउट. माझी बोटं दुखत असली की एक पान भरायला वीस मिनिटं लागतात. किती वेळा पहिल्यापासून भरलं असेल, सांगता येणार नाही. ओटीपी जायचा जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, जो कंपनीने त्याच दिवशी बंद केला. तो बदलायचा तर फोन करा. फोन केला तर दीड तास संगीत आणि मग कट. सकाळी आठ वाजता लाइन सुरू होते, आठ वाजून दोन मिनिटांनी ‘आजची क्षमता संपली आहे.’ आपली क्षमता संपल्याचं त्यांना सांगता येतं. आमची संपली तर आम्ही अपात्र.

आणि मंदीत गर्दी होणार हे यांना माहीत नसतं का? बेकारी विमा काढलाच कशासाठी? ब्रिटनने १९११ मध्ये तो कायद्याने आणला, अमेरिकेने १९३५ मध्ये, महामंदीत होरपळल्यावर. एका दमात हजारो लोकांचं काम जाईल त्या दिवसासाठीच तर तो आहे. पण तो दिवस आला की यंत्रणाच आडवी होते. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेत ६० लाखांहून जास्त लोकांनी बेकारीचे नवे अर्ज केले. तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही कित्येक दशकं जुनी संगणकाची भाषा येणारे स्वयंसेवक जाहीरपणे शोधावे लागले, कारण अर्ज हाताळणारी यंत्रणा त्याच भाषेवर चालत होती. फ्लोरिडात वेबसाइट इतकी कोसळली की छापील अर्ज वाटायला सुरुवात झाली आणि साथीच्या ऐन भरात माणसं कागदासाठी रांगा लावून थांबली. पुढे ऑगस्टमध्ये तिथल्या गव्हर्नरांनी मुलाखतीत मान्य केलं की त्या यंत्रणेत विनाकारण अडथळे घातलेले होते, माणसाने कंटाळून नाद सोडावा म्हणून. ती यंत्रणा त्यांच्या आधीच्या सरकारने २०१३ मध्ये सुरू केली होती, म्हणून ते मोकळेपणाने बोलू शकले. पण बोलले ते खरंच. हे वाचल्यापासून दर वेळी लॉगआउट झालं की मला वाटतं, हा बिघाड नाहीच, हे असंच बनवलंय.

माझ्या घरात थांबायची ताकद नव्हती. साठवलेले पैसे औषधांत जात होते. पण थांबणं तर नियमातच लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता हातात पडायला किमान ५ आठवडे जातात. अमेरिकेत अपंगत्व विमा मंजूर झाला तरी आजार सुरू झाल्यापासूनचे पहिले पूर्ण ५ महिने गणतीतच धरत नाहीत. पगारावर जगणाऱ्या किती घरांत पाच महिन्यांची शिल्लक असते? ज्यांनी हे नियम लिहिले त्यांच्या घरात असेल.

आता वैद्यकीय तपासणीबद्दल. हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, बहिणीलासुद्धा नाही.

माझ्या डॉक्टरांनी दिलेला दाखला ‘तीन महिन्यांपेक्षा जुना’ म्हणून चालला नाही. नव्या दाखल्यासाठी तज्ज्ञांची वेळ मिळाली पाच महिन्यांनंतरची. पाच महिन्यांनी तो दाखला दिला तेव्हा तोवरचे रक्ताचे रिपोर्ट जुने झाले होते. मग त्यांच्याच तपासनीसाकडे बोलावलं. बावीस मिनिटं. संधिवात कसा असतो, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. एक दिवस बरा जातो, पुढचे तीन दिवस दाराची कडी उघडत नाही, हे सांगायला फॉर्ममध्ये जागाच नाही. ‘शर्टाची बटणं लावता येतात का? हो / नाही.’ कधीकधी येतात! सोमवारी येतात, गुरुवारी नाही येत! या ‘कधीकधी’वर कोण नोकरी देणार आहे मला, तेवढं सांगा.

अहवाल हातात आला तेव्हा त्यात लिहिलं होतं: ‘अर्जदार दारापासून खुर्चीपर्यंत विनाआधार चालत आल्या. फाइल स्वतः धरली होती. केस व्यवस्थित विंचरलेले. प्रश्नांची उत्तरं सुसंगत.’ केस माझ्या बहिणीने विंचरले होते. त्या दिवशी मला कंगवा धरता येत नव्हता. आणि फाइल मी दोन्ही हातांच्या कोपरांमध्ये दाबून आणली होती, कारण बोटांनी धरता येत नव्हती. त्यांनी ते पाहिलं. पाहून असं लिहिलं. बाहेर जाताना नीटनेटकं राहावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि इथे तेच आपल्याविरुद्धचा पुरावा होतं. पुढच्या वेळी मी विस्कटलेल्या केसांनी, मळक्या कपड्यांत जाऊ का? एका ओळखीच्या बाईंनी मला खरंच तसा सल्ला दिला. प्रेमानेच दिला. मला त्यांचा राग आला नाही, पण घरी येऊन मी जेवले नाही.

आणि दुसऱ्या खिडकीचा नियम याच्या बरोब्बर उलटा. बेकारी भत्ता हवा तर दर आठवड्याला लिहून द्यायचं की मी काम करायला समर्थ आहे, तयार आहे आणि काम शोधतेय. किती ठिकाणी अर्ज केले त्याची यादी द्यायची. मी खरं लिहिलं: काम शोधतेय, पण सलग चार तासांच्या वर टाइप करता येत नाही. त्या एका वाक्यावर ‘सक्षम नाही’ असा शेरा पडला. खोटं बोलले असते तर भत्ता सुरू झाला असता, आणि पुढे केव्हातरी पकडले गेले असते तर फसवणुकीचा गुन्हा. मग अपंगत्वाच्या खिडकीत विचारतात, ‘तुम्ही नोकऱ्यांसाठी अर्ज करताय, म्हणजे काम करू शकता ना?’ अहो, तुमच्याच शेजारच्या खिडकीने करायला लावलेत ते अर्ज!

अपील करा म्हणतात. करतेच आहे. बेकारीचं अपील पत्रावरच्या तारखेपासून दहा दिवसांत करायचं असतं आणि पत्र घरी पोचतं आठव्या दिवशी. पाकिटावरचा शिक्का जपून ठेवायला मी आता शिकलेय. अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये मोजलं: २००८ ते २०१९ या काळात अपंगत्वाचं अपील करून निकालाची वाट पाहत जवळपास १ लाख १० हजार माणसं मेली. अपंग नाहीत, काम करू शकतात, असं ज्यांना कळवलं होतं, अशी माणसं. ती कोणती कामं करू शकतात हे ठरवायला तिथे वापरायचे ती व्यवसायांची यादी मुख्यतः १९७७ सालची, १९९१ नंतर न सुधारलेली. तिच्यात अक्रोड-बदामासारखी कवचाची फळं निवडण्याचं काम होतं, हवेच्या दाबाच्या नळ्यांतून कागद पाठवण्याचं काम होतं. अशा कामांचा दाखला देऊन अर्ज फेटाळले जात. २०२४ मध्ये अर्ज फेटाळणाऱ्या त्या खात्याने स्वतःच त्यातले ११४ व्यवसाय बाजूला काढले. आधी ज्यांना ‘नाही’ म्हटलं त्यांचं काय?

ब्रिटनमध्येही अपंगत्व भत्त्याची जी प्रकरणं न्यायाधिकरणाच्या सुनावणीपर्यंत पोचली, त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त प्रकरणांत वर्षानुवर्षं निकाल अर्जदाराच्या बाजूने लागलेला आहे. म्हणजे पहिला निर्णय चुकीचा होता. मधेच थकून घरी बसलेल्यांचा हिशेब यात कुठे येतच नाही.

आमच्यावर संशय घ्यायला मात्र यंत्रणा अगदी तत्पर असते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ या काळात एका संगणकप्रणालीने जवळपास ४०,००० लोकांना बेकारी भत्त्यात फसवणूक केली म्हणून दोषी ठरवलं. फक्त संगणकाने ठरवलेली प्रकरणं नंतर तपासली तर ९३ टक्के चुकीची निघाली. तोवर लोकांचे पगार कापून झाले होते, काहींची दिवाळखोरी झाली होती. ऑस्ट्रेलियात माणसाची वर्षभराची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटून टाकायचे. सहा महिने काम आणि सहा महिने भत्त्यावर काढलेला माणूस त्यामुळे वर्षभर कमावता दिसायचा आणि त्याच्या नावावर ‘जास्त घेतलेला भत्ता परत करा’ असं खोटं कर्ज लागायचं. २०२० मध्ये सरकारला ४ लाख ७० हजार कर्जांचे पैसे परत द्यायचं जाहीर करावं लागलं. पण लिफाफा उघडल्यावर त्या माणसांचा जो जीव गेला असेल, तो कुठल्या खात्यात जमा करणार?

दर महिन्याला माझ्या पगारातून कापून घेत होते. साडेदहा वर्षं, एकही महिना न चुकता. तेव्हा कुणी ‘वेबसाइट बंद आहे, या महिन्याचं राहू द्या’ म्हटलं नाही. तेव्हा पंधरा मिनिटांत लॉगआउट झालं नाही. मी भीक मागत नाहीये. विम्याचे पैसे मागतेय. आणि मला हेही ठाऊक आहे की मागायला खिडकी असणारी मी त्यातल्या त्यात नशीबवान. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२०-२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या बेकारांपैकी १८.६ टक्के लोकांनाच काही भत्ता मिळत होता, आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांपैकी ३३.५ टक्के लोकांना. बाकीच्यांना नकाराचं पत्रसुद्धा येत नाही. हे आठवून माझा राग कमी होत नाही, वाढतो.

आजच्या पाकिटावरचा शिक्का सहा तारखेचा आहे, पत्रावरची तारीख अठ्ठावीसची. म्हणजे बेकारीच्या अपिलाला दोन दिवस उरलेत. आज गुरुवार आहे, बोटं चालत नाहीत, हे सगळं मी सांगतेय आणि बहीण टाइप करतेय. वर जे तिला सांगितलं नव्हतं तेही तिने आताच टाइप केलं, आणि मधे बराच वेळ ती थांबली होती. दोन्ही अपिलं तयार आहेत. बेकारीच्या अपिलाला अपंगत्वाचं नकारपत्र जोडलंय, अपंगत्वाच्या अपिलाला बेकारीचं. उद्या सकाळी दोन्ही खिडक्यांवर स्वतः देणार आहे आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलणार नाही.