ठेवणीतली येझदी

"गुडघा कसाय?"

जुनी मोटारसायकल विकणारा माणूस आधी किमतीचं बोलतो, नाहीतर 'सिंगल हँड हाय, डॉक्टरची गाडी' असं काहीतरी सांगतो. तात्यांनी मला ढाळजेत, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि थेट गुडघ्यावर आले. वर म्हणाले, "डावा सांगा. उजव्याचं काही काम न्हाई."

येझदीची किक डाव्या बाजूला असते. त्यातही ती वेगळी नसते. गिअरचा जो दांडा, तोच आत दाबून मागं उभा केला की किक. इंजिन चालू झालं की परत पुढं पाडायचा, पुन्हा गिअर. एकाच माणसाकडं दोन टेबलांचा चार्ज, हा प्रकार मास्तरकीत रोज बघत असल्यामुळं मला लगेच समजला.

गंगाखेडच्या अलीकडच्या एका गावात अशी गाडी आहे, हे आमच्या शाळेच्या शिपायानं सांगितलं होतं. "सर, वाकळंखाली झाकून ठिवलीय. नवी कोरी!" नवी कोरी म्हणजे १९८२ ची. मी वाकळ उचलायला हात घातला, तर तात्यांनी तो बाजूला केला आणि पालखीवरचं वस्त्र काढावं तशी, दोन बोटांनी, स्वतः काढली. खाली काळी टाकी, दोन्ही अंगांना क्रोम, आणि त्या क्रोममध्ये माझं तोंड. जरा रुंद, पण स्वच्छ. एका सिलिंडरचे दोन सायलेन्सर, दोन्ही टोकापर्यंत धड. मीटरवर नऊ हजार आणि काही किलोमीटर.

कोकणात असती तर एवढ्या वर्षांत हिची चाळण झाली असती. आमच्याकडं माणसाला पाणी नाही, तर लोखंडाला कुठून मिळणार? दुष्काळानं मराठवाड्याचं जे केलं ते केलं, पण गंज तेवढा लागू दिला नाही. रबराचं मात्र उलटं. ४२-४३ अंशांचे उन्हाळे खाऊन टायर असे भेगाळले होते, की मे महिन्यातलं काळं रान आठवावं.

"तात्या, इतकी कमी कशी चालवली हो?"

"च्या घ्या," तात्या म्हणाले.

दुसऱ्यांदा विचारलं, तर सुनेला हाक मारून सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा, टाकायला सांगितलं. दर शनिवारी ढाळजेतच, स्टँडवर उभी करून चालू करायचे आणि पाच मिनिटांनी बंद करायचे, एवढं सुनेकडून कळलं. तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि ती आत गेली.

व्यवहार झाला. आकडा लिहीत नाही, हे बायकोही वाचते. तात्यांनी टूलकिट दिलं, जादा प्लग दिला, पिवळं पडलेलं पुस्तक दिलं. वाकळ मात्र घडी करून मांडीवर घेतली. "ही आईच्या हातची. एवढी न्हाई देणार."

त्या रात्री गाडीची कुळकथा वाचत बसलो. म्हैसूरला आयडियल जावा म्हणून इराणी मंडळींची कंपनी होती. १९६१ पासून ती चेकोस्लोव्हाकियाची जावा इथं बनवायची, १९७३ ला गाडीचं नाव येझदी झालं, १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. येझदी नावाची नवी गाडी २०२२ ला आली खरी, पण तिच्या शोरूममध्ये जाऊन माझ्या गाडीचा कंडेन्सर, म्हणजे ठिणगीसाठी लागणारा छोटा भाग, मागणं म्हणजे नातवाकडं आजोबांची कवळी मागणं. (मागितला. पोरगं सज्जन होतं, पाणी दिलं.) शेवटी कंडेन्सर हैदराबादहून आला.

गाडी परभणीत आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या गावातल्या प्रत्येक माणसाच्या मामाकडं येझदी होती. सिग्नलला थांबलो की शेजारचा काच खाली करतो. "आमच्या मामाकडं व्हती. विकायची का?" मामाची त्यानं काय केली, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. भंगारात.

कागदांचं लांबवत नाही. नोंदणी १९९७ लाच संपलेली, त्यामुळं नूतनीकरण, दंड, पर्यावरण कर. मी आरटीओत म्हणालो, व्हिंटेज म्हणून नोंदवा. तर २०२१ च्या नियमाप्रमाणं व्हिंटेज व्हायला गाडीला ५० वर्षं पुरी लागतात; माझी २०३२ ला होईल, तेव्हा २० हजार फी भरून या. आणि तशी नोंदणी झाली की रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. पेट्रोल आणि दुरुस्ती सोडून ती आत्ताही कुठं जात नाही, हे मी सांगितलं नाही.

पेट्रोलचंही एक आहेच. लिटरमागं ४० मिली ऑईल मोजून घालायचं, ते घालतो. पण आता पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगला, टाकीखाली थेंब थेंब. ऊस आमचा, कारखाने आमच्या भागातले, माझ्या मेव्हण्याचाच ऊस दरवर्षी जातो. यंदा त्याचं अभिनंदन केलं नाही.

गॅरेजवाल्या पोरानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि हात टेकले. "सर, अब्बा को बुलाना पडेंगा." सत्तरीचे उस्ताद आले, स्टुलावर बसले, कव्हर खोललं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायची म्हणून विचारलं, "व्हिजिटिंग कार्ड है क्या?" मास्तरकडं कसलं आलंय व्हिजिटिंग कार्ड? माझ्या पिशवीत एक लग्नपत्रिका होती, तिचा कोपरा फाडून दिला. जाड, सोनेरी, वर अर्धा गणपती. "जरा मोटा है, चलेंगा," उस्ताद म्हणाले. ते 'जरा मोटा' मी मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी वसमत रोडवरच्या टपरीवर आमचा सगळा स्टाफ चहाला जमतो. गाडी दाखवायचीच होती. मुख्याध्यापकही उठून उभे राहिले. दांडा मागं घेतला, किक मारली, आणि ऐन वेळी डाव्या गुडघ्यानं कच खाल्ली. निम्म्यातच पाय आखडला. तरी गाडी चालू! आवाज जरा घुसमटलेला वाटला, पण टाळ्याही पडत होत्या. मी पहिला गिअर टाकला, मान ताठ केली, क्लच सोडला.

मी पुढं बघत होतो आणि टपरी लांब चालली होती.

एवढं कळेपर्यंत मागं अर्धापूरच्या केळीचा गाडा होता, हे सगळ्या वसमत रोडला कळलं. चार डझन केळींचे पैसे दिले. त्यातली दोन डझन स्टाफनं जागेवरच खाल्ली.

उस्तादांना नवल वाटलं नाही. "अधूरी किक मारे होंगे तुम." पत्रिका जाड, म्हणून फट मोठी, म्हणून ठिणगी जरा लवकर पडली. वर पोहोचायच्या आतच पिस्टन माघारी ढकलला गेला आणि इंजिन उलटं फिरायला लागलं. या टू-स्ट्रोक इंजिनाला उलटं काय नि सुलटं काय, ते सारख्याच खुशीत चालतं. गिअर मात्र आपलं इमानेइतबारे चाक फिरवतो, मागं. "उसको आगे-पीछे क्या मालूम," उस्ताद म्हणाले आणि माझ्याकडं पातळ पुठ्ठा मागितला.

तात्यांचा फोन दर शनिवारी येतो. या खेपेला मीच लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये एकदाही 'हं' नाही.

"अर्धी किक," शेवटी म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चौऱ्याऐंशीचा पोळा. वेशीत समदे बैल सजून हुबे. मी नवा कोट घालून गाडीवर. सासरची माणसं आल्याली. म्हनलं, मिरवनुकीच्या म्होरं जाऊ." जरा थांबले. "मागं पाटलाचा मानाचा बैल व्हता."

"मग?"

"मग काय. तवापासून ढाळजंत हाय."

बराच वेळ कोणीच बोललं नाही. मागं त्यांच्या सुनेचं हसू ऐकू येत होतं.

"मास्तर," तात्या हळूच म्हणाले, "वाकळ पाठवून देऊ का?"