दोन खिळे आणि एक भिंत

माझा भाचा महाविद्यालयाच्या एकांकिकेत काम करतो. परवा टेबलावरून मागच्या मागे पडण्याचा प्रसंग त्याने खाली गादी न घालता, आधी एकदाही करून न पाहता केला आणि मनगट सुजवून घेऊन घरी आला. जाब विचारला तेव्हा, ‘‘मामा, चॅप्लिनसुद्धा तालीम करत नसे,’’ असे म्हणत त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश माझ्यापुढे धरला. तोच संदेश मला त्या आठवड्यात तिघांनी पाठवला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता. या वेळी शेवटपर्यंत वाचला. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : मूकपटांच्या काळात पटकथा नव्हती, तालीम नव्हती, कॅमेरा सुरू झाला की विनोदी नट मनाला येईल तसे धडपडत, जिवावरचे वाटणारे प्रसंग ही निव्वळ कॅमेऱ्याची हातचलाखी होती, माणसे तुरुतुरु पळताना दिसतात कारण यंत्रे कच्ची होती, आणि पडदा बोलू लागताच ही मंडळी घरी बसली, कारण कला अशी त्यांच्यापाशी नव्हतीच.

सर्वांत संतापजनक मुद्दा हातचलाखीचा आहे, कारण त्यासाठी उदाहरण म्हणून नेमके मूकपटांतील विनोदी नट बस्टर कीटन याचे दृश्य दिले आहे. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (1928) या चित्रपटात वादळात घराची दर्शनी भिंत अखंड कीटनच्या अंगावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून गेल्यामुळे तो जागच्या जागी उभा राहतो. संदेशानुसार ही भिंत पुठ्ठ्याची होती. कीटनने स्वतः पुढे सांगितलेली पद्धत वेगळीच आहे. भिंतीचा सांगाडा पक्क्या बिजागऱ्यांवर उभारला, मग जमिनीवर आडवा केला, आणि खिडकी कीटनच्या मापाने अशी बेतली की दोन्ही खांद्यांना, डोक्याला आणि टाचांना प्रत्येकी सुमारे दोन इंचांची मोकळीक राहावी. टाचा जिथे टेकणार तिथे जमिनीत दोन मोठे खिळे ठोकले आणि मगच भिंत पुन्हा उभी करून पूर्ण केली. ती मुद्दाम जड केली होती, कारण वादळासाठी लावलेल्या प्रचंड पंख्यांपुढे हलकी भिंत पिळवटली असती आणि खिडकी ठरल्या जागेवरून सरकली असती. म्हणजे पुठ्ठ्याची भिंत अधिक धोक्याची ठरली असती, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. या मोजमापामागे फ्रेड गेबोरी हा तंत्रनिर्देशक होता. संदेशात त्याचे नाव अर्थातच नाही. शिवाय एवढी काळजी घेणाऱ्या माणसालाही इजा चुकली नाही : ‘शेरलॉक ज्युनिअर’च्या (1924) चित्रीकरणात रेल्वेच्या टाकीतील पाण्याच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला, आणि मानेचे हाड मोडले होते हे अनेक वर्षांनी क्ष-किरण चित्रात उघड झाले.

त्याच काळातला दुसरा विनोदी नट हॅरल्ड लॉइड याच्या बाबतीत मात्र थोडे मान्य करावे लागते. ‘सेफ्टी लास्ट!’मध्ये (1923) तो घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो तो सेट लॉस एंजेलिसमधील एका इमारतीच्या गच्चीवर बांधला होता, खाली गाद्या घातलेला मंच होता, कॅमेऱ्याच्या कोनामुळे मंच लपून रस्ता तेवढा दिसत होता, आणि लांबून घेतलेल्या दृश्यांत दुसरा माणूस भिंत चढत होता. याला हातचलाखी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण 1919 साली खोटा समजून हातात धरलेला बाँब फुटल्याने लॉइडने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावली होती, आणि तो हात मोज्यात लपवून तो हे सारे करत होता.

तालमीविषयी बोलायचे, तर लेखी पटकथेविना काम चाले हे खरे आहे. त्यावरून तालीम नव्हती असे ठरवणे हा निव्वळ आळस आहे. मूकपटांचे अभ्यासक केविन ब्राऊनलो आणि डेव्हिड गिल यांनी 1983 साली ‘अननोन चॅप्लिन’ हा माहितीपट केला, त्यात चॅप्लिनने न वापरलेल्या फिती पाटीवरच्या क्रमांकांनुसार लावून दाखवल्या आहेत. चॅप्लिन कॅमेरा चालू ठेवूनच तालीम करी, हे त्यांत डोळ्यांनी दिसते. ‘द इमिग्रंट’मधील (1917) खानावळीच्या प्रसंगात वेटर आधी हेन्री बर्गमन होता, त्याची भीती वाटेना, म्हणून बरेच चित्रीकरण झाल्यावर त्याच्या जागी धिप्पाड एरिक कॅम्पबेल आला आणि आधीचे काम बाजूला पडले. खिशात पैसे नसलेल्या माणसाची घालमेल वेटर दांडगा झाल्यावरच हसवू लागते. चित्रपटाच्या आरंभी येणारा बोटीचा भाग तर खानावळीनंतर सुचला आणि नंतर चित्रित झाला.

वेगाचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपतो. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवली जाई, साधारणपणे सेकंदाला 16 ते 20 चौकटी (फितीवरची सुटी चित्रे) पडत, आणि तीच फीत बोलपटाच्या 24 चौकटींच्या वेगाने दाखवली की माणसे पळू लागतात; विनोदी प्रसंगांत छायाचित्रकार मूठ मुद्दाम हळू फिरवत हेही खरे, पण तो ठरवून केलेला परिणाम होता, यंत्राचा कच्चेपणा नव्हे.

बोलपटांनी सगळ्यांना घरी बसवले म्हणणाऱ्याने चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ 1931 चा आणि ‘मॉडर्न टाइम्स’ 1936 चा, म्हणजे दोन्ही बोलपट आल्यानंतरचे आहेत, एवढे तरी पाहायचे होते. लॉरेल आणि हार्डी तर बोलपटांतच अधिक गाजले. कीटनची घसरण झाली हे नाकारता येत नाही, पण 1928 साली एमजीएम या बड्या हॉलीवूड कंपनीशी करार करून त्याने स्वतःचे स्वातंत्र्य गमावले, हे कारण संदेशात नाही.

राहता राहिली संदेशाच्या शेवटी जोडलेली, चॅप्लिन स्वतःच्याच नकलेच्या स्पर्धेत तिसरा आल्याची गोष्ट. कुठे तो तिसरा येतो, कुठे विसावा, कुठे सत्ताविसावा, आणि स्पर्धेचे गावही दर वेळी बदलते. तिच्यावर मी शाई खर्च करणार नाही.