‘पीडीएफ करून टाका की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मराठी फायली युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षर-पद्धतीत) आणाव्यात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “एवढा खटाटोप कशाला? पीडीएफ केली की कुणालाही उघडते. युनिकोडच हवं तर कन्व्हर्टर दोन मिनिटांत करून देतो. उगाच लोकांना घाबरवताय.”

पीडीएफ करावीच, आणि हे मी लेखात लिहायला हवं होतं. चूक कबूल. जुना फॉन्ट ज्या संगणकावर अजून शाबूत आहे, तिथेच ती काढून ठेवावी. पुढे ताडून बघायला तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. पण त्या पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधून बघा. कृतिदेव या जुन्या फॉन्टात टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढाच असतो. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेत, बस्स. डोळ्यांना मराठी दिसतं, शोधायला जावं तर सापडत नाही, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं तर नुसता कचरा. वर्डच्या जुन्या डॉक फाईलची नवी डॉकएक्स करा नाहीतर लिब्रेऑफिसमधून ओडीटी, आतली इंग्रजी अक्षरं तीच राहतात.

आता तुमची दोन मिनिटं. आमच्या गावच्या उत्सवाची १९९९ची स्मरणिका मी अशीच कन्व्हर्टरमधून काढली. हिशेबाच्या पानावर ‘अन्नछत्रातील आचाऱ्यांना मानधन’ होतं, त्याचं ‘आचार्यांना मानधन’ झालं. समितीतले एक काका विचारत होते, त्या वर्षी कोण आचार्य आले होते म्हणून! वर्णनातल्या ‘दऱ्या’ही ‘दर्या’ झाल्या. ‘ऱ्या’साठी युनिकोडमध्ये खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ लागतो, आणि कन्व्हर्टरचा तक्ता, म्हणजे कुठल्या जुन्या अक्षराला कुठलं नवं ते सांगणारी यादी, हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला असेल तर त्यात बरेचदा त्याची सोयच नसते. स्पेलचेक काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत वेगळी. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. कन्व्हर्टरला ती उचलून पुढे न्यावी लागते, आणि ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात काही कन्व्हर्टर ती मध्येच टाकून देतात.

शिवाय श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं, प्रत्येकाचा तक्ता निराळा. त्यामुळे आधी वर्डमध्ये त्या कचऱ्यावर कर्सर ठेवून वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाचा. फॉन्ट संगणकावर नसला तरी नाव दिसतं. मी हे केलं, पण मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरच्या साध्या चौकटीत पेस्ट केला. तिथे कुठलं अक्षर कुठल्या फॉन्टात होतं ही माहितीच गळून पडते. अमेरिकेतल्या देणगीदारांच्या ईमेल पत्त्यांचं असं काही देवनागरी भजं झालं की ते छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करावे लागले.

चौसष्ट पानांना अकरा संध्याकाळी गेल्या. घाबरवायचा हेतू नव्हता, पण ‘दोन मिनिटं’ वाचून कुणी मूळ फायली पुसून टाकल्या तर? माझ्या फोल्डरात मूळ फाईल, फॉन्टची फाईल, पीडीएफ आणि युनिकोड प्रत अशी चारही आहेत.

तुम्ही कोणता कन्व्हर्टर वापरता? त्यात जुन्या फॉन्टातलं ‘आचाऱ्यांना’ टाकून बघा आणि काय बाहेर येतं ते इथेच कळवा.